बुट्टीखालचा कंदील

केरूने तो लाल फुगा आमच्या परड्यातल्या धुण्याच्या दगडावर ठेवला, तेव्हा सूर्य बुडायला अजून थोडा अवकाश होता. तेवढ्या वेळात मला चार शब्द बोलता आले असते. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे फौजदारांनाही मी तेच आधी लिहायला सांगितलं.

पासष्ट सालचा भाद्रपद होता तो. तिकडे लाहोरच्या अंगाला लढाई पेटलेली, आणि इकडे कवठे महांकाळच्या वाटेवरच्या आमच्या गावात तीन दिवस आभाळात दिवा दिसत होता. दिवेलागणीनंतर मावळतीकडून यायचा, पिवळसर, बिनआवाजाचा. गावावरून हळूहळू उगवतीच्या डोंगराकडे सरकायचा आणि तिथे विझायचा. पहिल्या दिवशी पोरंसोरं ओरडली. दुसऱ्या दिवशी गाव म्हणू लागलं, पाकिस्तानचे छत्रीवाले डोंगरात उतरतात आणि गावातलाच कोणीतरी त्यांना खुणा करतो. तिसऱ्या दिवशी बायका एकट्या विहिरीवर जाईनात, आणि पुरुष कुऱ्हाडी उशाला घेऊन झोपू लागले.

आमचे हे गावचे पोलीस पाटील. तालुक्याहून चौकशीचा हुकूम आला तसे ते घरोघर फिरून जबान्या लिहून घेऊ लागले. कोणी म्हणे दिवा भाकरीएवढा, कोणी म्हणे गाडीच्या चाकाएवढा. चंद्राबाई म्हणाली, त्यात माणूस बसलेला मी बघितला, मिशा होत्या त्याला. ह्यांनी मिशासुद्धा लिहिल्या आणि कागद घेऊन सायकलीवर तालुक्याला गेले. त्याच संध्याकाळी केरू आला.

केरू आमच्या पानमळ्यात वेल बांधायला होता. नागवेल शेवरीच्या झाडाला चढवायची, तर लव्हाळ्याच्या पातीने हातभरावर एकेक गाठ मारावी लागते. सैल झाली तर वेल घसरते, घट्ट झाली तर कापते. केरूची गाठ कधी चुकली नाही. त्याच्या घरच्यांनी छप्पन सालानंतर बुद्धाची दीक्षा घेतली, आणि त्याच्या बापाने गावची हलगी वाजवायचं सोडलं. ते काही जणांच्या मनातून अजून गेलेलं नव्हतं.

"आक्का, पाटील हायीत का?" त्याने कुंपणापलीकडून विचारलं.

"तालुक्याला गेलेत. उद्या येतील."

"मग ह्ये तुमच्यापाशी ऱ्हाऊ द्या. डोंगराच्या अंगाला बाभळीत अडाकलं हुतं. गाव ज्याला भितंय त्यो ह्योच बघा."

फाटक्या लाल रबराखाली पातळ कागदाचा कंदील लोंबत होता, लहान पोराच्या हातात शोभेल असा. आत मेणबत्तीचं बोटभर थोटूक. कंदिलाला एक छापील चिठ्ठी चिकटवलेली, इंग्रजीत. केरू हसला.

"बाम न्हाई, भिऊ नगा. हुंगून बघितलाय म्या. पाटलास्नी म्हणावं, केरूनं छत्रीवाला धरून आनलाय, मिशा कुटं गळाल्या कुनाला ठावं."

आम्हा जैनांच्या दशलक्षण पर्वाचे दिवस होते. मी आरतीसाठी शुद्ध वस्त्रात होते. त्याच्या हातून घेतलं असतं तर पुन्हा अंघोळ करावी लागली असती. म्हणाले, "ठेव त्या दगडावर. आले की सांगते." तो गेल्यावर पानं भरायची वेताची बुट्टी काठीने ओढून त्यावर पालथी घातली. सासूबाई बस्तीत, म्हणजे आमच्या देवळात, गेल्या होत्या. त्या परत येईतो दिवस बुडाला आणि माझं मौन सुरू झालं. त्या दहा दिवसांत मी सूर्यास्तापासून सकाळची सामायिक, म्हणजे ध्यानाची बैठक, उरकेपर्यंत बोलत नसे. बोटाने बुट्टी दाखवायला मौन आड येत नव्हतं. पण मनात म्हटलं, सकाळी सांगू.

दुसऱ्या दिवशी, म्हणजे पर्वाच्या नवव्या दिवशी, पहाटे अंघोळ करून मी देवघरात सामायिकला बसले. दोन घटका एका जागी, डोळे मिटून, न हलता. समोर वाळूचं घड्याळ. सगळी वाळू खाली पडेपर्यंत उठायचं नाही, असा माझा नऊ वर्षांचा नेम होता. देवघराची खिडकी बोळापलीकडच्या चावडीवर उघडते.

उजाडता उजाडता गलका ऐकू आला. आधी कुत्री, मग माणसं. केरूला झोपेतून उठवून ओढत आणलं होतं.

"म्या सोता बघितलं," हा गावातल्या तात्याबाचा आवाज. "काल डोंगरावर लाल निशान घिऊन फिरत हुता."

"निशान न्हवं ते, फुगा हुता!"

"कुटाय मग? दाव."

"पाटलाच्या घरला दिलाय. आक्कांस्नी इचारा."

मग आमच्या दारात पायताणं वाजली. हिंदुराव होता तो, मिलिटरीतून हवालदार होऊन पेन्शनीवर आलेला. त्याचा धाकटा भाऊ आकाराम लढाईवर होता, आणि महिनाभर त्याचं पत्र नव्हतं. हिंदुरावाला झोप नव्हती, त्याच्या आईच्या घशाखाली घास उतरत नव्हता. हे सगळ्या गावाला माहीत होतं.

"काकी, त्या केरूनं काय आनून दिलंय का तुमच्यात?"

"केरूनं दिलेलं आमच्या घरात येतंय व्हय रं, हिंदुराव?" सासूबाई म्हणाल्या. "काय बोलतोस सकाळच्या पारी?"

"वैनींस्नी इचारा की."

"ती सामायिकला बसलीया. मौन हाय तिचं. तिला शिवू नगा, बोलू नगा."

"बरं," हिंदुराव म्हणाला. "रिपोर्ट मिळाला."

मी हे सगळं ऐकलं. डोळे उघडून बघितलं, वाळू निम्म्यावर होती. एक घटका राहिली, तेवढ्यात काय होतंय, असं मी स्वतःला सांगितलं आणि पुन्हा डोळे मिटले.

पहिला तडाखा कुऱ्हाडीच्या दांड्याचा असावा. ओलं पोतं आपटल्यासारखा आवाज आला. मी णमोकार म्हणत होते. नऊ वेळा म्हणून झाले, तोवर तडाखे नऊच्या पुढे गेले होते. मग आसूड. आसुडाला आधी हवेत शीळ असते. केरू पहिल्यांदा शिव्या देत होता. मग "पानी, पानी" म्हणाला. कोणीतरी हसून म्हणालं, "पाकिस्तानात हाय पानी, जा." कोणीतरी त्याच्या तोंडावर लाथ घातली असणार, कारण त्यानंतर त्याचे शब्द फुटके येऊ लागले.

"आवं, आक्कांस्नी इचारा!"

वाळू पडत होती.

"आक्का!"

सासूबाई दाराशी पुटपुटत होत्या, "अरिहंत, अरिहंत." खिडकीतून धूळ येत होती.

"आक्काऽ!"

तिसऱ्या हाकेला मी उठले. घड्याळ पायाने उडालं आणि फुटलं. परड्यात धावले, बुट्टी भिरकावली, दवाने ओला झालेला कंदील हातात घेतला आणि बोळातून तशीच उघड्या डोक्याने चावडीकडे पळाले.

केरू पालथा पडला होता. एक डोळा सुजून मिटलेला, त्यातून रक्त गालावर आलेलं. ओठ फाटून दातांवर लोंबत होता. पाठीवरच्या सदऱ्याच्या आसुडाने चिंधड्या झाल्या होत्या आणि चिंध्या जखमांत रुतल्या होत्या. तात्याबाने त्याचा उजवा हात पायरीवर ताणून धरला होता आणि दुसरा एकजण त्याच्या मानेवर पाय देऊन उभा होता. चावडीपुढची गोटी, तालमीची पोरं उचलतात तो गोल दगड, हिंदुरावाने छातीपर्यंत उचलला होता.

"हलगीला लागत न्हाई न्हवं ह्यो हात? खुणा करायला बरा लागतूय? मग ऱ्हातूय कशाला!"

"थांबा!" मी ओरडले. निदान मला तसं वाटलं. माझा आवाज लहानपणापासून बारीक. पायरीखाली उभा असलेला माणूससुद्धा वळला नाही.

दगड खाली आला.

तो आवाज मी सांगणार नाही. केरू ओरडला नाही, त्याचं अंग फक्त एकदा मासळीसारखं उडालं. बोटं पायरीवर सपाट झाली होती आणि मधल्या बोटाचं हाड पांढरं बाहेर आलं होतं. हिंदुरावाने दगड पुन्हा उचलला. मी माणसांतून घुसले आणि त्या हातावर कंदील ठेवला. नुसता कागद तो, पण दगड वरच थांबला.

"ह्यानं काल मला दिला," मी म्हणाले. "तुम्ही विचारलंत तेव्हा मी ऐकत होते."

तात्याबाने वाकून कंदिलात बघितलं. कागदावर रक्त चढत होतं.

"मेनबत्ती हाय की रं," तो म्हणाला.

मागून कोणीतरी फिसकन हसलं. मग एकेकजण निघून जाऊ लागला. हिंदुरावाने दगड बाजूला टाकला, तो घरंगळत बोळाच्या तोंडाशी जाऊन थांबला.

दुपारी हे आले. बरोबर जीपमधून साताऱ्याचे हवामान खात्याचे साहेब होते. त्यांच्या माणसांनी सांगलीत विश्रामबागेच्या माळावर तंबू टाकला होता. वरचा वारा कुठे आणि किती वाहतो ते बघायला रोज संध्याकाळी फुगा सोडायचे, आणि अंधारात दुर्बिणीतून दिसावा म्हणून खाली कंदील बांधायचे. लढाईमुळे गवगवा करायचा नव्हता. साहेबांनी ती रक्ताळलेली चिठ्ठी उलगडली आणि मराठीत वाचून दाखवली. सापडेल त्याने ही वस्तू जवळच्या पोलीस पाटलाकडे द्यावी, एवढंच तीत होतं.

केरूला त्याच जीपमधून मिरजेला नेलं. हात मनगटातून काढावा लागला.

चौथ्या दिवशी आमचा क्षमावाणीचा दिवस आला. वर्षभरात ज्याला दुखावलं असेल त्याच्यापुढे हात जोडायचे. बस्तीत बायका एकमेकींच्या पाया पडत होत्या. माझ्याही पडल्या. मी तशीच उठून एस.टी.ने मिरजेला गेले.

केरू खाटेवर होता. डोकं आणि डोळा बांधलेला, हाताचं थोटूक उशीवर ठेवलेलं. त्याची आई भामाबाई खाली फरशीवर बसली होती.

मी हात जोडले. "केरू, आज आमचा क्षमेचा दिवस. माझ्या हातनं चूक..."

"कुनाच्या हातनं?" भामाबाई म्हणाली. "हात तर ह्येचा गेलाय, बाई. तुमचे जोडायला दोन्ही हायीत."

मी हात खाली घेतले. केरूने उघडा डोळा माझ्याकडे फिरवला.

"आक्का, म्या दिलं हुतं का न्हाई तुमास्नी, त्येवढं सांगा."

"दिलं होतंस."

"हितं नगं. हितं माज्या आयला ठावं हाय. फौजदार येनार हायीत न्हवं उद्या? तितं सांगा." मग त्याने तोंड भिंतीकडे केलं. "माफीचं मागनं बघू."

त्या संध्याकाळी ह्यांनी मला समजावलं. ओरडून नाही, ते ओरडत नाहीत. "सगळ्यांनी जबानी दिलीय, गर्दी होती, कोणी मारलं कळलं नाही. तू मागाहून गेलीस. हिंदुराव आपला बांधकरी. मळ्याचं पाणी त्याच्या रानातून येतं. आणि गुणमाला, तूच तर तेव्हा बसून राहिलीस. आता उठून काय होणार?"

ते खरं होतं. मी रात्रभर त्यावर विचार केला, आणि सकाळी सामायिकला न बसता चावडीत गेले.

फौजदार खुर्चीवर होते, पंच सतरंजीवर, हिंदुराव खांबाला टेकून. बाईमाणसाला बघून कुजबुज झाली. हे खाली बघत राहिले.

"काय सांगायचंय, बाई?"

मी सांगितलं.

"मोठ्याने बोला, ऐकू येत नाही."

"वैनी," हिंदुराव खांबापासून सुटला. दाढी वाढलेली, डोळे तांबडे. "इचार करून बोला. तुमचं पानी माज्या बांधावरनं येतंय."

"आकारामचं पत्र आलं का?" मी विचारलं.

त्याचा हात वर आला, आणि क्षणभर मला वाटलं मारणार. त्याने तोंडावरून हात फिरवला. "न्हाई," तो म्हणाला.

मग मी मोठ्याने बोलले. आयुष्यात पहिल्यांदाच, घसा फाटेल इतक्या मोठ्याने. "लिहा. केरूने कंदील आदल्या संध्याकाळी मला आणून दिला. दिवस बुडाला नव्हता, तरी मी कोणाला सांगितलं नाही. सकाळी हिंदुराव दारात विचारायला आला, मी ऐकलं, आणि उठले नाही. हे आधी लिहा. मग लिहा, हात तात्याबाने धरला होता आणि दगड हिंदुरावाने घातला. हे मी डोळ्यांनी बघितलं. दुसऱ्यांदा उचलला, तोही बघितला."

फौजदारांचा टाक कागदावर करकरत होता.

हिंदुराव आणि तात्याबाला त्याच दिवशी सांगलीला नेलं. हिंदुरावाची आई आमच्या दारात येऊन माती उधळून गेली. आठ दिवसांनी एका सकाळी सासूबाई मळ्यातून ऊर बडवत आल्या. पानमळ्यातली एकूण एक वेल गुडघ्याएवढ्या उंचीवर विळ्याने कापली होती. कोणी कापली ते आजवर कळलं नाही. हे मळ्याच्या बांधावर बसले आणि दुपार झाली तरी उठले नाहीत. मग दोन महिने माझ्याशी बोलले नाहीत.

मी सुकलेल्या वेली उतरवायला गेले, तर त्या सुटेनात. पानं काळी पडून गळाली होती, बुंधे तुटले होते, पण वर शेवरीला हातभरावर एकेक गाठ तशीच होती. विळा होता कमरेला. मी तो बांधावर ठेवला आणि एकेक गाठ नखाने सोडवत बसले. मागे कोणीतरी येऊन उभं राहिलं. बघितलं तर भामाबाई.

"अशी न्हाई सुटत ती," ती म्हणाली. "सरका तिकडं."

तिने पदर खोचला आणि शेवरीला टेकवलेल्या शिडीला हात घातला. मी शिडी धरून खाली उभी राहिले. दिवस बुडायला आला, तरी ती उतरली नाही, आणि मीही हलले नाही.