एक उल्लेख कमी

आमच्या स्नेझिनाला डोसेंटची, म्हणजे सहयोगी प्राध्यापकाची कायमची जागा द्यायची की नाही, हे ठरवायला सात जणांची समिती खुल्या बैठकीत बसली होती आणि अध्यक्ष होते हाजिएव सर. म्हणजे झालंच कल्याण.

स्नेझिना कोलारोवाने आणि मी सोफियातल्या एकाच प्रयोगशाळेत, एकाच टेबलाच्या दोन टोकांना उमेदीची वर्षं काढली. मिरचीच्या रोपातलं एक प्रथिन मुळांना पाण्यावाचून तग धरायला मदत करतं, हे तिने शोधून काढलं. हाजिएव सरांनी लगेच निबंध लिहून तिला झोडपलं. सभ्य भाषेत अर्थ एवढाच, की बाईंची भांडी नीट धुतलेली नसतात आणि नमुन्यात भेसळ आहे. सरांचं नाव मोठं, त्यामुळे भांडण जगभर गेलं. खरंखोटं करायला स्पेनमध्ये, तुर्कस्तानात लोकांनी रोपं लावली आणि ती तिच्या बाजूने उभी राहिली. तरी सर तसूभर हलले नाहीत.

जागा मिळाली नाही तर तिचा करार संपणार आणि काचघरातली रोपं उपटली जाणार. नियम असा, की दुसऱ्यांच्या निबंधांत तुमच्या कामाचे ठरावीक उल्लेख हवेत. स्वतःचे नि सहलेखकांचे चालत नाहीत. तिचे अगदी काठावर भरत होते. सरांनी चष्मा पुसला आणि एकावर काट मारली, कारण त्या निबंधाच्या लेखकांत तिची जुनी सहलेखिका निघाली. एक उल्लेख कमी पडला. सर म्हणाले की त्यांना खेद वाटतो, पण नियम म्हणजे नियम. खेद कसला, गालातल्या गालात हसत होते. माझा नुसता संताप झाला. पहाटे उठून मी चीजची बानित्सा, आमच्याकडची पापुद्र्यांची खारी पोळी, भाजली होती, ती आता दुखवट्याला वाटायची की काय?

स्नेझिना शांतपणे उठली.

"एक उल्लेख मी संकोचापोटी धरला नव्हता, सर. तुमचा."

"माझा? अहो, त्यात मी तुमचे वाभाडे काढलेत."

"काढलेत ना. पण माझ्या निबंधाचा हवाला देऊन. कौतुकच हवं असं नियमात कुठे आहे?"

सर म्हणू लागले, टीका कशी मोजणार, असं कधी झालेलं नाही. तेव्हा प्लोवदिवहून आलेल्या श्तेरेवाबाईंनी, समितीतल्या सगळ्यात ज्येष्ठ त्या, त्यांना मध्येच थांबवलं.

"ल्युबेन, तो शास्त्रीय निबंध आहे की नाही, तेवढं सांग. नसेल तर तुझ्याही नावावरून काढून टाकू."

त्याच निबंधाच्या जोरावर सर प्राध्यापक झाले होते. मग त्यांनी पेन उचललं आणि संख्या पुरी केली. मतदानाला सातही हात वर झाले, सातवा जरा उशिरा. मी सगळ्यांदेखत रडले, त्यात लाज कसली.

बानित्साचा सगळ्यात मोठा तुकडा सरांनीच घेतला. खाता खाता ते स्नेझिनाजवळ आले आणि हळूच म्हणाले, "आपल्यातच राहू द्या, कोलारोवाबाई, पण त्या मिरचीच्या बाबतीत माझं चुकलं असेल."

"आपल्यात कशाला, सर?" ती म्हणाली. "छापा. तेवढाच आणखी एक उल्लेख."