चाळीस पानांचं थँक्यू

टाळेबंदीत आमच्या विद्यापीठाचं ग्रंथालय बंद झालं, पण मी बंद झाले नाही. मी सोरायदा पाबालान, संदर्भ विभाग, लुसेना. मार्चपासून चॅटवर ठाण मांडून होते. विद्यार्थ्यांनी मागावं, मी पान शोधावं, मोबाइलने फोटो काढून पाठवावा. उत्तर ठरलेलं: 'थँक्यू पो, मॅम.' आमच्याकडे मोठ्यांशी बोलताना 'पो' लावला नाही तर थेट आईच्या संस्कारांचा उद्धार होतो. असं प्रत्येक थँक्यू मी 'समाधानी' या रकान्यात टाकायचे. संचालकांना पाठवलेल्या अहवालात समाधान शंभर टक्के होतं. मला त्याची घमेंड होती, खोटं कशाला बोलू?

अलाबात बेटावरच्या रोनालिन एस्क्वेताने खारफुटीतल्या खेकड्यांवरचा एक जुना प्रबंध मागितला. त्याची एकच प्रत, तीही इमारतीबाहेर न जाणारी. मी वाकून वाकून चाळीस पानांचे फोटो काढले, कंबर धरली. थँक्यू आलं, मी नोंद केली.

पंधरा दिवसांनी, बुधवारी सकाळी, तिच्या मार्गदर्शक बाईंचा फोन आला. "सोरायदा, त्या पोरीने लिहिलेल्या प्रकरणात त्या जुन्या प्रबंधाचं नावसुद्धा नाही गं. शुक्रवारपर्यंत सुधारून आलं नाही तर यंदाची पदवी गेली तिची."

माझं डोकं फिरलं. लगेच रोनालिनला फोन लावला.

"काय गं, चाळीस पानं पाठवली ती काय खेकड्यांनी खाल्ली?"

"सॉरी पो, मॅम."

"सॉरी नको. वाचलीस की नाही ते सांग."

पलीकडे कोंबडा आरवला.

"मॅम, मला नुसते राखाडी चौकोन दिसतात."

"कसले चौकोन?"

"माझं फुकटचं नेट आहे ना. त्यात अक्षरं येतात, फोटो नाही येत."

"मग थँक्यू कशाचं म्हणालीस?"

"तुम्ही एवढ्या मेहनतीने पाठवलंत. दिसत नाही म्हटलं तर तुम्हाला वाईट वाटेल, असं वाटलं पो. म्हटलं, कुणाच्या तरी घरी जाऊन उघडेन. पण आजाराच्या भीतीने कोणी दारात उभं करत नाही."

ओरडायला उघडलेलं तोंड मी मिटलं. दंतवैद्याने माझा चांगला दात उपटला होता, तेव्हा मीही 'थँक्यू पो' म्हणूनच बाहेर आले होते.

"कुठली पानं अगदी हवीच आहेत?"

"नोंदींची नऊ, मॅम."

त्या दिवशी ड्यूटीवर मांग इसिद्रो होते, आमचे सर्वांत जुने शिपाई; 'मांग' म्हणजे आमच्याकडे वयाने मोठ्या पुरुषाला आदराने म्हणायचं 'काका'. ते मास्क लावून टेबलाच्या पलीकडे बसून वाचायला लागले आणि मी चॅटमध्ये टाइप करून एकेक परिच्छेद पाठवायला लागले.

"मॅम, या वेगाने खेकडासुद्धा तुमच्या पुढे निघून जाईल."

"तुम्ही वाचा हो गपचूप."

चौथ्या पानावर तिचा निरोप आला. 'मॅम, एक विचारू पो? रागावणार नाही ना?'

'विचार.'

'तिथे ओहोटी लिहिलंय. पण खेकडे भरतीला वर येतात. आमच्या दारातच येतात.'

मी प्रबंध ओढून पाहिला. छापलेलं होतं भरती. मांग इसिद्रो हसून हसून मास्कच्या आत खोकायला लागले. मला मात्र इतकं बरं वाटलं की सांगता येत नाही. इतक्या महिन्यांत माझी चूक दाखवणारी ती पहिलीच.

शुक्रवारी दुपारी प्रकरण पोचलं, मार्गदर्शक बाईंनी पास केलं. मी हुश्श केलं, पण मनातला किडा काही जाईना. सोमवारी मी चॅटवरच्या सगळ्यांना एकच ओळ पाठवली: 'फोटो दिसले नसतील तर फक्त "नाही" लिहा. पो नको, थँक्यू नको.'

दुपारपर्यंत चिटपाखरू नाही. मग एकाने धीर केला, 'नाही पो.' त्याच्यामागे दुसरा, तिसरा, आणि मग रांगच लागली. संध्याकाळी मोजले तर एकाहत्तर. माझा शंभर टक्क्यांचा अहवाल समोर उघडा होता आणि मला त्याच्याकडे बघवेना.

"मांग इसिद्रो," मी म्हटलं, "उद्या लवकर या. आणि चष्मा आणा."