आमेन म्हणवून घेणारी काठी

मित्रांनो, मी भरीव बांबूची काठी. वयानं जुनी, अंगानं अजून सरळ. माझ्या टोकाला पितळेची शेंबी, म्हणजे टोपी, आहे आणि तिच्यावर एक काळपट डाग आहे. तो कसा पडला ते सांगायला मला लाज वाटते. पण मी सांगितलं नाही तर दुसरं कोणी सांगणार नाही.

अहेरीहून भामरागडकडे जाताना जंगलात एक गाव लागतं. तिथल्या देवाजी नावाच्या म्हाताऱ्यानं मला तोडलं, विस्तवावर शेकून सरळ केलं आणि तेल पाजलं. गावात ख्रिस्ती घरं मोजकीच, त्यांतलं एक त्याचं. पावसाळ्यात नाले भरले की पाळकांचं, म्हणजे धर्मगुरूंचं, येणं बंद व्हायचं. मग देवाजीच मला पाण्यात रोवून खोली बघायचा आणि पलीकडच्या टोल्यावर, त्या छोट्या वस्तीत, प्रार्थनेला जायचा. एकदा प्रार्थनाघराच्या पायरीवर मण्यार निघाली. तीन घावांत मी तिचं डोकं चेचलं. धानात शिरलेल्या रानडुकराच्या नाकाडावर मी अशी बसले की ते रक्त गाळत पळालं. लोक म्हणाले, काठी असावी तर अशी. खोटं कशाला बोलू, मला मारण्याची गोडी लागली होती.

देवाजी गेला आणि त्याच्या मुलानं, विनोदनं, मला दाराआड उभं केलं. तिथं माझ्या अंगावर कोळ्यांनी जाळी विणली. विनोद बांबू तोडायला जायचा आणि रविवारी मुलांना बायबलातली वचनं शिकवायचा. त्याची दिव्यानी नऊ वर्षांची, आदेश चार वर्षांचा. रोज दिवेलागणीला घरात प्रार्थना व्हायची आणि दिव्यानी एक वचन तोंडपाठ म्हणायची. पोरगी हुशार, चटकन म्हणून मोकळी व्हायची.

मग गावात टॉवर आला आणि घरात मोबाईल. विनोद जेवण झालं की खाटेवर पडून मारामारीचे व्हिडिओ बघायचा. एक माणूस दुसऱ्याला उचलून आपटतो, त्याच्या छातीवर नाचतो, असलं सगळं. दिव्यानी बापाच्या खांद्यावरून बघायची. पुढं पुढं तो कामावर गेला की एकटीच बघू लागली. प्रार्थनेला ओठ वचन म्हणायचे आणि डोळे फळीवरच्या मोबाईलकडे. मधेच ती अडायची.

विनोद घाबरला. आधी तो घाबरला, राग नंतर आला, हे मी न्यायानं सांगितलं पाहिजे. बापानं नाले ओलांडून सांभाळलेली प्रार्थना आपल्याच घरात मरते की काय, असं त्याला वाटलं. एका संध्याकाळी त्यानं मला दाराआडून काढलं.

"मोबाईलातलं सारं ध्यानात राह्यते, अन् देवाचं वचन काऊन नाई राहत? हात पुढं कर."

एक चूक, एक फटका. फटक्यानंतर तो म्हणायचा, "आमेन म्हण." दिव्यानी रडत आमेन म्हणायची. आदेश कोपऱ्यातून बघायचा.

चौथ्या दिवशी त्यांची आई सोमारी आडवी आली. "तिले भात कालवता नाई येऊन राह्यला. पाहा ना हात कसा सुजला."

"हात बरा होईल. आत्मा गेला तं काय करशील?" विनोद म्हणाला आणि सोमारीला त्यानं बाजूला लोटलं.

महिन्याभरात दिव्यानीला वीस वचनं पाठ झाली. विनोदनं प्रार्थनाघरातल्या मंडळीत ते अभिमानानं सांगितलं. मीही फुगले. हा कालचा मोबाईल माझ्यापुढं काय टिकणार, असं मला वाटलं.

नाताळाला मुलांचं नाटक बसवलं. मेंढरं आमच्या भागात कोणी पाहिली नाहीत, इथं साऱ्या शेळ्याच. म्हणून लहान मुलांच्या सदऱ्यांना कापूस चिकटवून कोकरं केली. आदेश त्यांतलं सगळ्यात लहान कोकरू. मेंढपाळ झाली दिव्यानी, आणि काठी म्हणून मला तिच्या हाती दिलं. विनोदनं तिला एवढंच सांगितलं, "मेंढपाळ काठीनं कोकरांले सांभाळते. तू बी तसंच सांभाळ." काठीनं सांभाळणं म्हणजे काय, हे पोरीला घरी शिकवलेलंच आहे, ते त्याच्या ध्यानात आलं नाही.

आदेशला एकच ओळ म्हणायची होती. समोर कोणीतरी मोबाईल धरून त्याचा व्हिडिओ काढत होतं. आदेश त्याच्याकडे बघून हसला आणि ओळ विसरला.

"हात पुढं कर," दिव्यानी म्हणाली.

त्याला खेळ वाटला, त्यानं हात पुढं केला. मी तळहातावर बसले. तो किंचाळून वळला, तेव्हा पाठीवर बसले. तिसऱ्यांदा त्यानं वर पाहिलं आणि माझी शेंबी त्याच्या भुवईत घुसली. कातडी उघडली, डोळा रक्तानं भरला, सदऱ्यावरचा कापूस लाल झाला. दिव्यानी अजिबात ओरडली नाही. शांतपणे म्हणाली, "आमेन म्हण."

सोमारीनं लेकराला उचललं. शेजारची मनकर्णाबाई म्हणाली, "मोबाईलनं नासवलं हो पोरीले." सगळ्यांनी माना डोलावल्या. विनोदनं तर लगेच ते उचलून धरलं. माझ्यावर झडप घालून त्यानं मला उगारलं.

"कुठी शिकली हे? मोबाईलात पाहून पाहून शिकली ना?"

"मोबाईलात आमेन म्हनायले नाई लावत, बाबा," दिव्यानी म्हणाली.

मग कोणी न सांगता तिनं हात पुढं केला, डोळे मिटले आणि फटक्याच्या आधीच आमेन म्हणून टाकलं.

विनोदचा हात वरच राहिला. त्याला मी जड झाले असावे, कारण तो खाली बसला आणि मी त्याच्या हातून गळाले.

आदेशला चार टाके पडले. डोळा वाचला. विनोदनं मला गुडघ्यावर मोडायचा प्रयत्न केला, पण भरीव बांबू मोडत नाही, त्याचीच मांडी काळीनिळी झाली. शेवटी सोमारीनं मला परसातल्या वालाच्या वेलाला टेकू म्हणून लावलं. तिथून मला घरातली प्रार्थना ऐकू येते. आता विनोद आधी स्वतःचा मोबाईल बंद करतो. मारामारी बघणं त्यानं सोडलं. वचन कोणी विचारत नाही. तो गोष्ट सांगतो, आदेश मधे मधे प्रश्न विचारतो.

मित्रांनो, मोबाईलला लगाम घाला, माझी ना नाही. पण लेकरांना देवाजवळ न्यायला मला पाठवू नका. मला साप मारता येतो, नाल्याची खोली सांगता येते. मी ज्यांना हाकते ती माझ्यापासून लांब पळतात, आणि मी ज्याच्या नावानं उगारली गेले त्याच्यापासूनही.

दिव्यानी रोज प्रार्थनेला बसते. शेवटी सगळे आमेन म्हणतात, तेव्हा ती ओठ मिटून घेते आणि दोन्ही हात पाठीमागं लपवते. काल विनोद तिला म्हणाला, "आत्ता नको म्हनू, पोरी. तुले वाटन तवा म्हन, मी थांबतो." तिनं मान डोलावली. हात मात्र तिनं पुढं आणले नाहीत.