पंचांची चादर

गैरवर्तन अहवाल. छापील नमुना. टेबलावरच्या स्कोअररने भरावा. मोजकं लिहावं.

अहवाल देणाऱ्याचं नाव, काम:
राजशेखर. यजमान कॉलेजात केमिस्ट्रीच्या लॅबमध्ये असिस्टंट. बास्केटबॉलचे सामने असले की ग्राउंडवर टेबलाला.

सामना:
आंतरमहाविद्यालयीन मुलींची स्पर्धा, सोलापूर. उद्घाटनाचा सामना.

काय घडलं (तीन ओळींत):
चार सेकंद उरलेले, पंचाक्षरी सरांचा संघ एका गुणाने मागे. त्यांच्या सिद्धेश्वरीने पळता पळता बॉल हातात घेतला, पावलं टाकली, बॉल जाळीत. मुख्य पंच ऋतुजा मॅडमनी शिट्टी मारली, तीन पावलं झाली म्हणून बास्केट रद्द केली आणि

(जागा कमी पडल्यास मागे लिहा):
तीन ओळी संपल्या. मागे लिहितो.

...आणि पंचाक्षरी सरांचा संघ एका गुणाने हरला. इथवर गैरवर्तन काहीच नाही. सर बेंचवर गप्प बसले होते. बावीस वर्षं कोच आहेत, पंचावर आवाज चढवलेला कुणी ऐकलेला नाही. चूक आपल्याकडून, यजमानांकडून झाली. उद्घाटनाचा सत्कार सामन्यानंतर ठेवला होता. पाहुण्यांना चादर, पंचांना चादर, आणि सगळ्यात ज्येष्ठ कोच म्हणून पंचाक्षरी सरांना माईक. दोन शब्द बोला म्हणून. नुकत्याच हरलेल्या माणसाच्या हातात माईक देऊ नये, असं पुढच्या वर्षीच्या नियमावलीत घालावं.

(वरचं वाक्य मत आहे. खोडलं असं समजावं.)

नेमके शब्द (जसेच्या तसे लिहा):
"पंचांना सोलापुरी चादर दिली ते लई चांगलं केलं. आता घरी जाऊन डोक्यावरून घेऊन झोपावं. शेवटच्या क्वार्टरला झोप लागलीच होती, तिथं उघड्यावर झोपावं लागलं."

प्रेक्षकांची प्रतिक्रिया:
हसले. मीपण. कुणीतरी व्हिडिओ काढला, आणि रात्री जेवायच्या आत तो माझ्या मेव्हण्याच्या स्टेटसला होता. मेव्हण्याचा बास्केटबॉलशी संबंध नाही, त्याचं टायरचं दुकान आहे.

ऋतुजा मॅडम हसल्या नाहीत. चादर माझ्या टेबलावर ठेवून त्या एसटी गाठायला गेल्या. मंद्रूपला शाळेत खेळाच्या बाई आहेत त्या. चादर अजून माझ्याकडे आहे. ती कुठे जमा करायची ते नमुन्यात दिलेलं नाही.

समितीची कार्यवाही:
शुक्रवारी सात रस्ता चौकाजवळच्या ऑफिसात, झेरॉक्सच्या दुकानावरच्या खोलीत. हजर: समितीचे सचिव सयाजी सर, पंचाक्षरी सर, ऋतुजा मॅडम, साक्षीदार म्हणून मी. एक खुर्ची कमी होती. मी उभा.

तोवर सरांचा संघ उरलेले दोन्ही सामने जिंकून रविवारच्या फायनलला पोचला होता. गाठ पुन्हा त्याच संघाशी, शिट्टी पुन्हा ऋतुजा मॅडमची. सयाजी सरांनी सरळ सांगितलं की ज्या माईकवर बोललात त्याच माईकवर फायनलच्या आधी माफी मागा, नाहीतर पोरी एकट्या खेळतील, तुम्ही प्रेक्षकांत बसा. माफी झाली की नाही ते राजशेखर लिहील.

पंचाक्षरी सर म्हणाले, बसतो प्रेक्षकांत. बरोबर बोलल्याची माफी कसली? मग त्यांनी खुर्ची सरकवली आणि झेरॉक्सच्या रद्दीचा बोळा घेऊन खोलीत सिद्धेश्वरीची पावलं टाकून दाखवली. पळताना बॉल हातात येतो त्या वेळी जमिनीवर असलेलं पाऊल मोजायचंच नाही. ते शून्य. पुढची दोन मोजायची. नियम २०१८ पासून बदललाय. बास्केट बरोबर होती. साठीचा माणूस चपला काढून तीनदा पळाला, तेव्हा दुकानवाला खालून काय पडलं ते बघायला वर आला.

सयाजी सर खालमानेने मोबाईलवर नियम शोधत होते. सापडला. त्यांचा चेहरा पडला.

तेव्हा ऋतुजा मॅडमनी पिशवीतून वही काढली. दोनशे पानी, कोपरे गेलेली. त्यांचं बोलणं थोडक्यात असं: लग्न झालं, मंद्रूपला गेले, मूल झालं, आठ-नऊ वर्षं शिट्टी हातात घेतली नाही. यंदा पुन्हा बोलावलं तर महिनाभर हीच वही पाठ केली. नवा नियम वाचायला हवा होता, तो वाचला नाही, ती चूक माझी.

वही त्यांनी उघडून पंचाक्षरी सरांसमोर धरली. पानावर लाल शाईत, दोन रेघा मारून लिहिलेलं: *बॉल हातात, पाऊल जमिनीवर, तेच पहिलं. तिसरं पडलं की शिट्टी. समोर कुणीही असो.*

"अक्षर कुणाचं आहे, सर?" त्यांनी विचारलं.

सरांनी चष्मा लावला. अक्षर ओळखायला चष्म्याची गरज नव्हती. २०११ च्या पंच शिबिरात त्यांनी बारा जणांना शिकवलं होतं, प्रत्येकाच्या वहीत स्वतः लिहून.

"माझ्या पोरींना नवं शिकवलं की," सर हळू म्हणाले. "तुम्हा बारा जणांना कळवायचं राहिलं."

यावर काही ठरलं नाही. चहा आला, चारच्या ऐवजी तीन. मी नको म्हणालो.

फायनलपूर्व नोंद (रविवार):
सिद्धेश्वरी सरांसाठी बेंचची मधली जागा अडवून बसली होती, पाण्याची बाटली ठेवून. सर बाहेर, दोरीपलीकडे. सयाजी सरांनी माईक दिला, पण वायर स्वतःच्या हातात धरून ठेवली. पंचाक्षरी सर माझ्याकडे आले, टेबलाखालची चादर मागून घेतली आणि बोलले. जसंच्या तसं:

"मी म्हणालो, पंच झोपले होते. पंच जाग्या होत्या. मी शिकवलं तेच त्यांनी केलं, आणि समोर मी असताना केलं. झोपलो होतो मी, २०१८ पासून. आणखी अकरा जण आहेत, त्यांनी मला फोन करावा."

लोक हसले, पण यावेळी वेगळे हसले. सरांनी मॅडमना चादर दिली, त्यांनी घेतली. इथं थांबायला हवं होतं. सर थांबले नाहीत.

"पण बास्केट बरोबर होती," ते माईकवर म्हणाले.

सयाजी सरांनी वायर ओढली. ऋतुजा मॅडमनी घड्याळ बघितलं.

"दोन शब्द झाले, सर. बेंचवर बसा," त्या म्हणाल्या, आणि चादर परत त्यांच्या हातात ठेवली. "ही खाली घ्या. बेंचचा पत्रा तापलाय."

माफी मागितली का (होय / नाही, एकावरच खूण करा):
पंचांनी बेंचवर बसवलं. याला नमुन्यात चौकट नाही. खूण 'होय' वर केली आहे, पेन जरा घसरला.

इतर:
पहिल्याच मिनिटाला मॅडमनी सिद्धेश्वरीला फाऊल दिला. सर चादरीवरून अर्धे उठले, तोंड उघडलं, आणि बसले. फाऊल बरोबर होता. मी लिहून घेतला.