काकडीचं गाव

थोरलीला मिळणार होती ती एक खोली. स्वयंपाकघरामागची, एका खिडकीची, आडवं झालं तर पायाचा अंगठा भिंतीला टेकेल एवढी. पण तिला दार होतं, आणि आतून कडी बसवण्यापुरती चौकट अजून शाबूत होती. या घरात सून म्हणून आल्यापासून थोरलीच्या मागे बंद होणारं दार एकच, न्हाणीघराचं, आणि तिथेही बाहेरून ‘अजून किती वेळ?’ हे ठरलेलं. कडी ही केवढी कमाई, हे ज्या घरात माणसं जास्त आणि दारं कमी, तिथल्यालाच कळावं.

हरली तर खोली दिराची. दीर फोनवरून विमा विकायचा. मागे घरातला गोंगाट ऐकू आला की गिऱ्हाइकाला मरणाची भीती वाटत नाही, असं त्याचं म्हणणं.

पैज लागली ती जेवताना. दोघंही फोनवर ‘सात वेशी’ खेळायची, आणि नेमकी एकमेकांविरुद्ध.

“वहिनी, रविवारी तुझा किल्ला पाडतो. आत्ताच रडून घे.”

“भाऊजी, बोलून किल्ले पडत असते तर तुमचा विमा नसता का खपला?”

“लाव मग पैज. मागची खोली.”

“लावली.”

थोरल्याने, म्हणजे तिच्या नवऱ्याने, ताटातून मान वर न काढता न्याय दिला. “जो जिंकेल त्याची खोली. मिटवा एकदाचं.” खोलीत दुपारी सासूबाई टॅबलेटवर मालिका बघत पडायच्या, पण मालिका काय, कुठेही बसून बघता येते. सासूबाई तेव्हा वाढत होत्या. त्यांनी पातेल्यावर झाकण ठेवलं आणि त्या काही बोलल्या नाहीत. बोलल्या नाहीत म्हणजे हरकत नाही, असं तिघांनी धरलं. या घरात त्यांचा हिशोब कायम तसाच धरला जायचा.

आता हा खेळ. सात जमाती, सात राज्यं, एकमेकांच्या मुलखावर डोळा ठेवून बसलेली. दीर ज्वालाधरांचा सरदार. लाल झेंडे, आगीचे गोळे ओकणारे गाडे, दिसेल ते जाळून आपलं म्हणायचं. नवा खेळाडू आला की डोळे झाकून ज्वालाधर होतो. थोरलीने निवडले होते चिखले. दलदलीत राहणारे, काळपट, ठेंगणे, ज्यांच्या चित्राखाली खेळ बनवणाऱ्यांनीसुद्धा धड चार कौतुकाचे शब्द लिहिले नव्हते. दीर त्यांना ‘म्हशी’ म्हणायचा.

पण म्हशींचं एक होतं. बाकीच्यांचं बळ घेतल्याने वाढायचं, यांचं सोडल्याने. एखादा पूल आपणहून सोडला की दलदल खोल व्हायची. शेत सोडलं की धुकं दाट. काय सोडलं, कधी सोडलं, सगळ्याची नोंद, आणि त्या नोंदीचंच पुढे चिलखत.

थोरली सकाळी कवळ्या बनवणाऱ्या लॅबमध्ये मेणात दात बसवायची. दुसऱ्यांच्या हसण्याची सोय करायची, आणि डॉक्टरकडून कवळी परत आली की मुकाट्याने पुन्हा घासायची. दुपारी घरी. घरातही तिने बरंच सोडलं होतं. पलंगाची खिडकीकडची बाजू, पातेल्यातला शेवटचा घास, भांडणातला शेवटचा शब्द. त्याची पावती कधी कोणी फाडली नाही. जन्मभर जे फुकटात केलं त्याचे गुण मिळतात, असं तिला या खेळात पहिल्यांदा दिसलं, आणि ती त्यात गुंतली ती गुंतलीच. स्वयंपाकाच्या ओट्याजवळचं स्टूल, टेकायला भिंत आणि हातात फोन. तिची राजधानी ती एवढी.

तिच्या हाताखाली थोडे चिखले जमले होते. त्यातलं सर्वांत विश्वासू माणूस म्हणजे काकडी. हे खेळातलं नाव. खरं कोण, कोणाला ठाऊक. काकडीचं गाव किल्ल्याच्या पायथ्याशी, सर्वांत सखल जागी. बाकीचे गावात भाले घडवायचे, काकडीने वेल लावले होते आणि कोंबड्या पाळल्या होत्या. थोरलीने एकदा विचारलं होतं, “कोंबड्यांचा लढाईत काय उपयोग?” उत्तर आलं होतं, “बघायला बऱ्या वाटतात.” बाकी काहीही सांगा, काकडीचं उत्तर एकच: बरं. कुठल्यातरी दुकानात गल्ल्यावर बसून कंटाळलेला माणूस असेल, अशी थोरलीची अटकळ.

रविवारी दुपारी वेढा पडला. खेळातला सूर्य मावळेपर्यंत किल्ला उभा राहिला तर खोली थोरलीची. थोरला बाहेरच्या खोलीत भावाच्या शेजारी पंच म्हणून बसला आणि घोरू लागला. सासूबाई मागच्या खोलीत दार लोटून पडल्या होत्या. थोरली स्टुलावर.

दिराने घाई केली नाही, हे तिला आधी खटकलं. एरवी तो आल्याआल्या गाडे सोडायचा. आज त्याने आधी लाकूड आणलं आणि दलदलीवर फळ्या टाकत, पावलापावलाने पुढे येऊ लागला. तिने उत्तरेचा पूल सोडला. तो थांबला, हसला, ते तिला भिंतीपलीकडून ऐकू आलं, आणि त्याने वळसा घालून फळ्या टाकल्या. तिने शेतं सोडली, धुकं उतरलं. त्याने मशाली पेटवल्या.

“वहिनी, सोडण्यासारखं काही उरलंय का गं? का मीच काही देऊ?”

“तुमची झोपायची जागा बघून ठेवा, भाऊजी.”

बोलली खरी, पण सोडण्यासारखं खरंच काही उरलं नव्हतं. लाल झेंडे पायथ्याशी आले. किल्ल्याची बाहेरची भिंत पेटली. सूर्य अजून डोंगराच्या वर हातभर.

उरलं होतं ते काकडीचं गाव. ते सोडलं तर बांध फुटून पायथ्याची सगळी वाट पाण्याखाली जाणार, गाडे रुतणार. पण चिखल्यांत एक नियम कडक होता: ज्याचं गाव, त्यानेच त्याचा बांध उघडायचा. सरदारालाही हुकूम करता यायचा नाही, विचारता यायचं. आणि बुडालेलं गाव परत येत नसे.

थोरलीने लिहिलं: “काकडी, बांध उघडतोस का?”

उत्तर नाही. आतली भिंत पेटली. बाहेर दीर कसलंतरी गाणं गुणगुणू लागला. तिने पुन्हा लिहिलं: “माझी एक खोली जाईल रे.” लिहिल्यावर तिचं तिलाच ओशाळं वाटलं. एका अनोळखी माणसाला तिच्या खोलीचं काय?

मग उत्तर आलं. “थांब जरा. कोंबड्या आत घेते.”

कोंबड्या आत घेऊन पाणी काही थांबणार नव्हतं, खेळात तशी सोयच नव्हती. पण थोरली थांबली. किल्ल्याचा दरवाजा तडकला, तरी थांबली. आणि ‘घेते’ वाचून मनात काहीतरी हललं, तेवढ्यात बांध फुटला. पाणी वेलांवरून, छपरांवरून सरळ वाटेवर आलं. लाल गाडे एकामागून एक रुतले, विझले. दिराचं गाणं अर्ध्यातच थांबलं.

सूर्य मावळला. किल्ला उभा होता, काळाठिक्कर, पण उभा.

“हे कोण मधेच?” दीर बाहेरून ओरडला. “ही काकडी कोण?”

थोरली उठली. खोली आता तिची होती, तेव्हा बघावी तरी म्हणून तिने दार ढकललं. सासूबाई खिडकीजवळच्या खुर्चीत होत्या. चष्मा नाकावर, टॅबलेट मांडीवर. पडद्यावर पाणीच पाणी, आणि त्यात एका छपराचं टोक.

“तुम्ही?”

“हळू बोल. थोरला झोपलाय.”

“आई, खोली पणाला लागली, तेव्हा बोलायचंत तरी.”

“माझ्यासमोरच लावलीत की. विचारलं असतंत तर बोलले असते.”

“मग बांध का उघडलात? उघडला नसता तर...”

“तर धाकट्याची झाली असती. माझी कशी राहिली असती?” सासूबाईंनी चष्मा काढून पदराला पुसला. “आणि तू ‘उघडतोस का’ म्हणून विचारलंस. या घरात मला सांगतात, विचारत नाही कोणी. पुरुष समजून का होईना, विचारलंस.”

त्यांनी टॅबलेटची वायर गुंडाळली, चष्म्याचं घर उचललं आणि त्या बाहेर गेल्या. खुर्ची तेवढी राहिली.

दुसऱ्या दिवशी दुपारी थोरलीने आतून कडी लावली. कडी नवी होती, जरा कुरकुरली. ती खुर्चीत बसली. खिडकीतून ऊन बरोबर पावलांवर येत होतं. टॅबलेटवर पडणार नाही असं. खुर्ची कोणीतरी विचार करून ठेवली होती.

फोन वाजला. काकडी: “नवं गाव दे. या वेळी उंचावर.”

थोरलीने किल्ल्याला लागून असलेला, वेढा जिंकून मिळालेला, स्वतःसाठी राखलेला माळ दिला. वर कोंबड्या पाठवल्या. कडी काढायला एकदा हात गेला, अर्ध्यातून परत आला. माणूस एका वेढ्यात पुरता चिखला होत नाही.

तेव्हा हिशोब असा. दिराने भरली एक दुपार, आणि रात्रीच्या जेवणापर्यंत तो ती विसरला. आता जिन्यात बसून विमा विकतो, पूर्वीइतकाच. थोरल्याने भरले कडीचे स्क्रू, तेही जुन्या डब्यातले. थोरलीने भरला एक माळ आणि काही कोंबड्या. बाकी सगळं ओट्याजवळच्या स्टुलावर आता भिंतीला पाठ टेकून बसलेल्या बाईने भरलं, आणि भिंतीपलीकडून थोरलीने काहीही सांगितलं की ती अजून लिहिते: बरं.