मालगाडीतला भाऊ

सुरतेतले लूम बंद पडले, तसे लीलाधर आणि त्याचा तिथला जोडीदार पुन्या कामासाठी मालगाड्यांनी हिंडू लागले. गाडी थांबेल तिथं हमाली मागायची, नाही मिळाली की पुढची गाडी. दोन महिने असेच गेले. घरी मात्र लीलाधर फोनवर अजून सुपरवायझरच होता.

त्या दुपारी कोळशाची रिकामी गाडी धरणगावच्या अलीकडे सिग्नलला थांबली. रुळालगतच्या कपाशीत बाया निंदत होत्या. पुन्या बाटली घेऊन उतरला. डब्याच्या कडेवरून पाहणारा लीलाधर एकदम खाली बसला. पुन्याच्या बाटलीत पाणी ओतणारी बाई लीलाधरची थोरली बहीण होती, मंदाबाई. ह्याच गावात दिलेली.

"कोठला शे रे तू?"

"चोपड्याकडला, अक्का. सुरतले व्हतू."

"मना भाऊबी सुरतले शे. मोठा साहेब शे तो!" तिनं आपली भाकर पुन्याच्या हातावर ठेवली.

भोंगा झाला. गाडीनं हिसका दिला. एका हातात बाटली, दुसऱ्यात भाकर, पुन्या धावत सुटला. "हात दे रे!" तो डब्याकडे बघत ओरडला. मागून मंदाबाई ओरडली, "पडशी रे, सोड!"

हात द्यायचा तर वाकून तोंड बाहेर काढावं लागणार होतं. लीलाधरनं रुमाल नाकावर ओढला आणि तो बसून राहिला. पत्र्यावर पुन्याची बोटं खरखरली, मग काहीच ऐकू आलं नाही.

पाळधीला गाडी मंदावताच त्यानं उडी टाकली आणि रुळांच्या कडेनं माघारी चालू लागला. खडीवर काही काळं दिसलं की तो थांबून निरखून पाही.

दिवस मावळताना तो बहिणीच्या दारात पोचला. पुन्या ओट्यावर बसला होता, गुडघ्याला हळद बांधलेली. मंदाबाईनं भावाच्या काळ्या तोंडाकडे पाहिलं, मग पुन्याकडे. पुन्यानं मान खाली घातली. डब्यात आपल्यासोबत कोण होतं, हे त्यानं तिला सांगितलं नव्हतं.

"त्या डब्यामा मीच व्हतू, अक्का."

"हातपाय धोय," एवढंच म्हणून मंदाबाई आत गेली. तिनं दोघांना वाढलं, पण भावाच्या ताटाकडे पाहिलं नाही.

पुन्या हळूच म्हणाला, "मले वाटनं, तू झोपी जायेल व्हता."

"नही," लीलाधर म्हणाला. "जागा व्हतू."

पुन्या जेवत राहिला. सकाळी तो चोपड्याच्या एसटीत बसला. लीलाधरला त्यानं 'चल' म्हटलं नाही.