हत्तीचं शेपूट

नातीच्या भाषेत आजोबांना एकच वाक्य बिनचूक यायचं : "हो, फार छान." सून परदेशातली, नात तिकडेच वाढलेली, तिचं मराठी 'आजोबा' या शब्दाशीच संपायचं. दर रविवारी ती फोनवर दिसायची, काहीबाही सांगायची, आणि आजोबा मान डोलवायचे. एकदा ती गंभीरपणे म्हणाली, "आज मी नाश्त्याला हत्ती खाल्ला."

"हो, फार छान."

पुढच्या रविवारपासून ती फोनवर येईना. मुलगा चाचरत म्हणाला, "बाबा, ती म्हणते, आजोबा ऐकतच नाहीत."

"जन्मभर माझ्याशीही असंच बोललात," आजी भाजी निवडता निवडता म्हणाली.

"हो," आजोबा सवयीने म्हणाले.

पण बोल जिव्हारी लागला होता. त्यांनी नातीची भाषा शिकवणाऱ्या संध्याकाळच्या वर्गात नाव घातलं. जन्म छापखान्यात मुद्रितं तपासण्यात गेलेला. आपण वेलांट्या बघाव्यात, मजकुराचं लिहिणारा बघेल, हा त्यांचा खाक्या. शब्द भराभर पाठ झाले. एके दिवशी त्यांनी धडा घडाघडा वाचला : 'आमच्या गावात सगळे लोक आनंदी आहेत.'

वर्गाच्या बाई त्यांच्या मुलीच्या वयाच्या. म्हणाल्या, "उच्चार छान. पण पटलं का तुम्हाला?"

"छापलंय की, बाई."

"छापलं म्हणून खरं? सगळे आनंदी, ते कशावरून?"

आजोबांनी धडा पुन्हा वाचला, या खेपेला वेलांट्या सोडून. मग त्या परक्या भाषेत अडखळत म्हणाले, "धड्यात पुढे दवाखाना आहे. आजारी माणूस आनंदी कसा?"

"वाक्य मोडलं," बाई हसल्या. "मोडू दे. विचार धड आहे."

त्या रविवारी मुलाने नातीला कसंबसं फोनसमोर बसवलं. ती पाठमोरीच बसली. आजोबांनी शाळेचं विचारलं.

"शाळेत मी कुणालाच आवडत नाही," ती पुटपुटली.

'हो, फार छान' अगदी ओठांवर आलं होतं. आजोबांनी ते गिळलं.

"कुणालाच? कशावरून?"

नातीने मान वळवली. "मला खेळायला घेत नाहीत."

"सगळे?"

ती विचारात पडली. "फक्त दोघी. तिसरी माझ्याशेजारी बसते. पण बोलत नाही."

आजोबांनी शब्द एकेक करून जुळवले. "मी पण बोलत नव्हतो. तू मला आवडत होतीस."

नात सरकून अगदी फोनजवळ आली.

"आजोबा, आज मी नाश्त्याला हत्ती खाल्ला."

"खोटं," आजोबा म्हणाले. "शेपूट दाखव."

ती खिदळत उठली आणि शेपूट शोधायला पळाली. धक्क्याने फोन आडवा पडला. पडद्यावर नुसतं तिच्या खोलीचं छत दिसू लागलं.

"बंद करा आता, गेली ती," आजी म्हणाली.

"कशावरून?" म्हणत आजोबा त्या छताकडे बघत बसून राहिले.